नाव पडण्याआधी

कॉरिनला सगळं मान्य होतं, एक ओळ सोडून.

उन्हाचा कडाका वाढला की डेकवरच्या माणसांना दुपारचं सावलीत बसवायचं, हे मान्य. लाटा आता पूर्वीपेक्षा उंच चढतात म्हणून जीवनौका आणखी वर टांगायच्या, तेही मान्य. साखळ्यांची तपासणी, पिण्याच्या पाण्याचा जादा साठा, हेलिकॉप्टर उतरतं तिथली नवी जाळी, सगळ्याला त्याने मान डोलावली. पण 'वादळाला नाव पडण्याची वाट न पाहता जहाज जागा सोडेल' या ओळीपाशी त्याचं बोट येऊन थांबलं आणि पुढे सरकेना.

"हे कोणी लिहिलं?" त्याने विचारलं. कोणी लिहिलं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. लिहिणारा टेबलाच्या पलीकडेच बसला होता.

अल्विन पॅस्को म्हणाला, "मी."

अल्विनने उभा जन्म जहाजांवर काढला होता. निवृत्त झाल्यावर कंपनीने त्याला परत बोलावलं. समुद्र तापत चाललाय, वादळांची चाल बदलतेय, विमा कंपन्या प्रश्न विचारू लागल्यात, तेव्हा पुढच्या काळासाठी जहाजाचे नियम नव्याने लिहून द्या आणि मोसमभर वादळांवर नजर ठेवा, असं ते काम होतं. जहाजाचं नाव 'कोरेला' आणि त्याचा कॅप्टन कॉरिन. कॉरिन म्हणजे अल्विनच्या बायकोचा धाकटा भाऊ. कायद्याने समुद्रावर शेवटचा शब्द कॅप्टनचा, त्यामुळे कॉरिनची सही झाल्याशिवाय नियम म्हणजे नुसता कागद.

'कोरेला' पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डॅम्पिअरपासून दूर, किनारा दिसेनासा होतो तिथे, समुद्रतळाच्या तेलविहिरींवर बांधलेलं असे. विहिरींचे पाईप एका भल्यामोठ्या बोयाला, तरंगत्या पिंपाला, जोडलेले आणि तो बोया जहाजाच्या नाकात अडकवलेला. चक्रीवादळ आलं की विहिरी बंद करायच्या, पाईप आतलं तेल जाईपर्यंत धुऊन घ्यायचे आणि बोया सोडून द्यायचा. तो लाटांच्या खाली जाऊन गप बसतो, आणि दावं सोडलेल्या गुरासारखं जहाज मोकळ्या समुद्रात निघून जातं. वादळ सरलं की परत येऊन बोया नाकात घ्यायचा. नीट करायचं तर सोडायलाच अख्खा दिवस जातो. आणि एकदा समुद्र उसळला की ते करताच येत नाही. जहाज वरखाली होतं, बोया अडकतो, हेलिकॉप्टर उतरत नाही. मग जहाज खुंट्याला बांधलेलंच राहतं आणि वादळ अंगावरून जातं.

म्हणून सगळा प्रश्न होता तो निघायचं कधी याचा. त्या किनाऱ्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. हवामान खात्याने वादळाचं बारसं केलं की निघायच्या तयारीला लागायचं. वारा ठरावीक जोराचा झाला की खातं यादीतलं पुढचं नाव देतं. त्याच्या आधी ते वादळ नव्हे, नुसता ढग. ही रीत जहाजावरच होती असं नाही. डॅम्पिअरमध्ये लोक घराबाहेरचे कचऱ्याचे डबे आत घ्यायचे ते नाव पडल्यावर, होडीला जादा दोर बांधायचे ते नाव पडल्यावर. 'कोरेला'वर तर नाव पडलं की आचारी नेस्टर मेंढीची अख्खी मांडी भट्टीत सरकवायचा. पुढचे काही दिवस डब्यातलंच खायचं, म्हणून एक जेवण झोकात व्हायचं. जहाजावरची पोरं त्याला वादळाच्या बारशाचं जेवण म्हणायची आणि वादळ कुठे किनाऱ्याला लागेल यावर बिअरच्या पैजा मारायची. नाव नसताना कोणी निघायची भाषा केली असती तर त्याला जन्मभर चिडवलं असतं.

पूर्वी हे चालून गेलं, कारण पूर्वी नाव पडल्यापासून वादळ खऱ्या अर्थाने माजायला दोनतीन दिवस घ्यायचं. आता गरम पाण्यावर काही वादळं एका रात्रीत माजत होती. मागल्या मोसमात उत्तरेकडच्या एका दुसऱ्या जहाजाने नाव पडल्यावर नियमाप्रमाणे सोडायला सुरुवात केली, तर पाईप धुऊन होईपर्यंत लाटा डेकवर आल्या होत्या. बोया कसाबसा सुटला. एका माणसाची बोटं गेली. अल्विनने ते सगळं कॉरिनसमोर मांडलं.

कॉरिनने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की समुद्र आरशासारखा असताना मी जर म्हटलं, चला रे, विहिरी बंद करा, पळायचंय, तर माणसं मला हसतील. आज हसतील, उद्या माझा शब्द ऐकायला कचरतील. आणि ज्या दिवशी खरंच ऐकायला हवा त्या दिवशी ऐकणार नाहीत.

हे खोटं नव्हतं.

कंपनीची योलांडा क्रिक पर्थहून मुद्दाम डॅम्पिअरजवळच्या कराथाच्या ऑफिसात आली होती. तिने फाईल मिटली आणि म्हटलं की मोसम संपेपर्यंत विचार करा, मोसम संपला की मात्र मला दोघांकडून एक उत्तर हवं. जाताना कॉरिनने अल्विनशी हात मिळवला, पण नजर मिळवली नाही.

नजर न मिळवण्याचं कारण वेगळं होतं. मागच्या हिवाळ्यात, जुलैमध्ये, एनिड गेली. एनिड अल्विनची बायको, कॉरिनची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे कॉरिनला तिनेच वाढवलेलं. अंत्यविधी झाल्यावर हॉलच्या बाहेर, हातात सँडविचची बशी घेऊन कॉरिन अल्विनजवळ आला होता आणि हळू आवाजात म्हणाला होता, "दाजी, इतके महिने तुम्ही एका घरात होतात. तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

त्यानंतर दोघं बोलायचे ते कामापुरतं.

डॅम्पिअरच्या घरी अल्विनचं बरं चाललं होतं, म्हणजे चालू होतं. सॉसेजची पुडी दोघांपुरतीच मिळते, तेव्हा एक दिवस करायचं आणि दोन दिवस खायचं. लोखंडाच्या खनिजाची तांबडी धूळ खिडक्यांवर बसायची, ती तो आठवड्याने पुसायचा. एनिड रोज पुसायची. बाकी वेळ तो खोलीत संगणकाच्या पडद्यासमोर बसून उत्तरेकडच्या समुद्रावरचे ढग पाहायचा.

एप्रिलमध्ये, मोसम संपतच आला असं सगळे म्हणत असताना, उत्तरेला तिमोर बेटाच्या बाजूला एक ढगांचा गोळा जमला. दिसायला काही विशेष नाही. हवामान खात्याने लिहिलं होतं, दोनतीन दिवसांत वादळ होण्याची शक्यता मध्यम. वारा बेताचा. पण त्याच्या खालचं पाणी एप्रिलच्या मानाने फार गरम होतं, आणि तो जरा बसत होता, जरा उठत होता, जागा शोधणाऱ्या कुत्र्यासारखा. अल्विनने सकाळभर पाहिलं. दुपारी जेवायचं सोडून त्याने जहाजाला फोन लावला.

फोन कॅप्टनच्या हाताखालच्या पहिल्या अधिकाऱ्याने, वायरेमूने उचलला. तो न्यूझीलंडचा माओरी, आडदांड आणि तोंडाळ. त्याने अल्विनचा आवाज ओळखला आणि पलीकडे ओरडून सांगितलं की कॅप्टन, तुमच्या दाजींना ढग दिसला. हशा ऐकू आला. मग कॉरिन आला.

"नाव आहे का त्याला?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग कशाला फोन केलात? इथे समुद्र कसा आहे माहितीये? वायरेमू आत्तापर्यंत गळ टाकून बसला होता. बघून दाढी करता येईल इतकं पाणी शांत आहे."

अल्विनने त्याला दिसत होतं ते सांगितलं. पाणी किती गरम आहे, गोळा कुठे आहे, माजला तर वाटेत 'कोरेला' कसं येतं. हेही सांगितलं, की तो विरूनही जाईल. उद्या संध्याकाळपर्यंत कदाचित काहीच उरणार नाही.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही," कॉरिन म्हणाला.

"नाही ठाऊक. पण ठाऊक होईल तेव्हा तुला सोडायला वेळ उरणार नाही. आज सोडलंस तर नीट सोडशील, माणसं हेलिकॉप्टरने घरी पाठवशील. उद्या नाव पडल्यावर सोडायला गेलास तर अर्धं काम लाटांत करावं लागेल."

"दाजी, मोसम संपत आला. दोन आठवड्यांनी मी सुट्टीवर येतो. नाव नसलेल्या ढगासाठी मी चालू विहिरी बंद करू? योलांडाला काय सांगू?"

अल्विन म्हणाला की योलांडाला मी सांगतो.

अल्विनने फोन कानाला घट्ट दाबून धरला. मागे नेस्टरच्या भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे कॉरिन जेवणघराच्या दाराशी उभा होता. मग दार लागलं, भांड्यांचा आवाज बंद झाला.

"दाजी," कॉरिनने विचारलं, आणि आता त्याचा आवाज कॅप्टनचा नव्हता. "डॉक्टरांनी ताईच्या दुखण्याला नाव दिलं, त्याच्या आधी. तेव्हा तुम्हाला काय दिसलं होतं?"

हॉलच्या बाहेर विचारलेलाच तो प्रश्न होता, पण या वेळी त्यात डंख नव्हता. कॉरिनला खरंच जाणून घ्यायचं होतं. अल्विनने नऊ महिन्यांत अनेकदा आठवून पाहिलं होतं, त्यामुळे शोधावं लागलं नाही.

"मागच्या पायऱ्यांवर थांबायची," तो म्हणाला. "धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन वर येताना मधेच थांबायची. एकदोनदा पाहिलं. दुखत नव्हतं, ताप नव्हता. विचारलं तर म्हणाली, ऊन लागतंय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"तिच्या हातातून बादली घेतली."

"बस?"

"बस. तेवढंच दिसत होतं, कॉरिन. थांबायची. त्याला काही नाव नव्हतं. नाव पडेपर्यंत आम्ही दोघांनी वाट पाहिली. तीही, मीही. नाव पडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उशीर झालाय."

अल्विनला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. ढगाचं काम ढगापुरतं ठेवायला हवं होतं. कॉरिनवर असलं ओझं टाकून त्याच्याकडून काही करून घ्यायचं नव्हतं. त्याने तसं म्हणायला तोंड उघडलं, की बाबा, हे त्यासाठी नाही सांगितलं, तू जहाजाचं पाहा. पण तेवढ्यात कॉरिनच बोलला.

"विहिरी बंद करायला सांगतो," तो म्हणाला. "मांडी मात्र भट्टीत जाणार नाही. नाव नाही, तर जेवण नाही. नेस्टरचे नियम माझ्यापेक्षा कडक आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोया सुटला होता. निम्मी माणसं हेलिकॉप्टरने कराथाला आली, बाकीच्यांना घेऊन जहाज मोकळ्या समुद्राकडे निघालं. समुद्र अजून शांतच होता.

आणि मग तो ढग मेला.

दक्षिणेकडून कोरडी हवा आत घुसली आणि दोन दिवसांत त्याचा पार चोथा झाला. वादळ झालं नाही, नाव पडलं नाही. अल्विन पडद्यासमोर बसून ते पाहत राहिला. माणसं वाचली म्हणून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाचायला धोका तर यायला हवा होता. वाईट वाटलं असंही नाही. नुसती लांबून आलेली एक मोठी लाटांची रांग मागे राहिली, तिने 'कोरेला'ला बोया पुन्हा नाकात घेऊ दिला नाही, आणि जहाज बाहेर फिरत राहिलं. पर्थच्या ऑफिसातून दिवसातून दोनदा फोन यायचा. योलांडा सभ्यपणे विचारायची, पण तिच्यामागे कोण उभं आहे आणि ते किती सभ्य आहेत, हे अल्विनला समजत होतं.

तेल पुन्हा चालू झाल्यावर, मोसम संपला तेव्हा, तिघं पुन्हा कराथाच्या ऑफिसात बसले. कॉरिन सुट्टीवर आला होता, दाढी वाढलेली, नाक उन्हाने सोललेलं. येतानाच त्याने सांगितलं की जहाजावर काय झालं. बाहेर फिरत असताना पोरांना पैजा मारायला वादळाचं नाव हवं होतं. खात्याने दिलं नाही, तर त्यांनीच दिलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चक्रीवादळ अल्विन'. रोज वायरेमू गंभीर चेहऱ्याने बातम्या सांगायचा की चक्रीवादळ अल्विन सध्या डॅम्पिअरमध्ये सोफ्यावर बसून चहा पीत असून त्याचा जोर कमी होण्याची चिन्हं नाहीत.

योलांडाला हसू आवरलं नाही. अल्विनही हसला. मग योलांडाने हसू पुसलं आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. असं एका मोसमात किती वेळा होईल?

अल्विनने खरं ते सांगितलं. बहुतेक मोसमात दोनतीनदा. त्यातलं एखादंच खरं निघेल. बाकीच्या वेळी हेच, उगाच गेलो, उगाच आलो.

"पर्थमध्ये मला विचारतील," योलांडा म्हणाली, "की दोनदा उगाच जाण्यापेक्षा एकदा थोडा धोका का पत्करू नये. मी काय सांगू? मला वाद नको आहे, उत्तर हवंय."

अल्विनकडे उत्तर होतं, आकडे होते, तक्ते होते. तो फाईल उघडणार, तोच कॉरिनने हात आडवा केला.

"मी सांगतो," तो म्हणाला. "मी यांना विरोध केला होता, तेव्हा मला जास्त कळतं. शांत पाण्यात निघालो तर माणसं हसतील, असं मी म्हणालो होतो. ती हसली. चांगली आठवडाभर हसली. पण त्या शांत पाण्यात आम्ही पाईप नीट धुतले, बोया हळू सोडला, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. आणि शेवटच्या दिवशी वायरेमू माझ्याजवळ येऊन म्हणाला, कॅप्टन, हे लाटांत केलं असतं तर? आधी कधी त्याने असं विचारलं नव्हतं. लाटांत केल्याची फुशारकी मारायचा. तुमच्या वरच्यांना सांगा, ढग खोटा निघाला, ठीक. पुढच्या वेळीही मी निघेन. त्याच्या पुढच्या वेळीही. ते खोटे निघाले तरी. ज्याला हे चालत नसेल त्याने दुसरा कॅप्टन बघावा."

"दुसरा कॅप्टन कोणाला हवाय," योलांडा म्हणाली.

"मग एक गोष्ट वाढवा. मी निघतो म्हटल्यावर, आणखी जरा थांबून पाहा असं सांगायला ऑफिसातून कोणी फोन करायचा नाही."

"तो फोन मीच करत असते."

"म्हणून तर म्हणतोय."

योलांडाने त्याच्याकडे पाहिलं, मग अल्विनकडे, आणि त्या ओळीच्या खाली आपल्या हाताने ते लिहिलं. लिहिताना ती म्हणाली की पर्थमध्ये यावरून माझं डोकं खातील, पण डोकं खाल्ल्याने बोटं जात नाहीत. कॉरिनने सही केली.

बाहेर गाडीत बसल्यावर अल्विनने विचारलं, विमान कधी आहे. कॉरिन म्हणाला, परवा. म्हणजे आजचं होतं, पण बदलून घेतलं. एवढंच बोलून तो खिडकीतून मिठागरांकडे पाहत बसला. अल्विनने वाटेत दुकानापाशी गाडी थांबवली आणि मांसाच्या काउंटरवर जाऊन, यापूर्वी कधी घेतली नव्हती ती, मेंढीची अख्खी मांडी घेतली. दोघांना ती संपणार नव्हती. कॉरिनने पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, कुठल्या वादळाचं बारसं आहे. अल्विन म्हणाला, तुझ्या पोरांनी ठेवलंय ना एक नाव, त्याचंच.

मांडी फार भाजली गेली. एनिडला जमायची तशी अल्विनला जमत नव्हती, आणि कॉरिनने ते तोंडावर सांगितलं. तरी दोघांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी कॉरिनने शिडी लावून खिडक्यांवरची धूळ धुऊन काढली, आणि ताई हे रोज कशी करायची कुणास ठाऊक, असं दोनदा म्हणाला.

पुढचा मोसम डिसेंबरात सुरू झाला. एक दिवस सकाळी अल्विन चहा ओतत होता. संगणक अजून लावलाही नव्हता, आणि फोन वाजला. मागे माणसांची धावपळ, साखळ्यांचा खडखडाट.

"दाजी, तिमोरकडे बघितलंत का?" कॉरिन म्हणाला.

"अजून नाही. चहा ओततोय."

"घ्या सावकाश. आम्ही पाईप धुवायला घेतलेत. दुपारपर्यंत बोया सुटेल. पाणी अगदी शांत आहे, नेस्टर शिव्या घालतोय."

"नाव?"

"नाव नाही पडलेलं. पडलं तर कळवा, पोरांच्या पैजा खोळंबल्यात."

अल्विन बरं म्हणाला. मग त्याने संगणक लावला, तो गोळा पाहिला. लहानसाच होता, हातावर मावेल एवढा. चहा हातात घेऊनच तो बाहेर गेला आणि उन्हात तापलेले कचऱ्याचे डबे एकेक करून आत आणू लागला. शेजारच्या कुंपणावरून हॅरिएट बाईंनी डोकं वर काढून विचारलं की नाव पडलं की काय.

"नाही," अल्विन म्हणाला. "तुमचाही आणू का आत?"

बाई आधी हसल्या. मग त्यांनी एकदा स्वच्छ निळ्या आभाळाकडे पाहिलं आणि आपला डबा कुंपणाच्या मोकळ्या जागेतून त्याच्याकडे सरकवला.